नोटिशीत नसलेला विषय

मी काय शिकवते असं गावाकडं कुणी विचारलं की मी 'गणित' म्हणून मोकळी होते. खरं उत्तर द्यायला गेलं तर समोरच्याचा चहा गार होतो. खरं उत्तर असं, की मी तर्कशास्त्राच्या बीजगणितात काम करते, आणि त्यातही अशा तर्कशास्त्रांवर, ज्यांत अनुमान काढताना चलांवर बंधन असतं. हे वाक्य मी एकदा चुलतभावाच्या लग्नात, पंगतीत वाढणाऱ्या एका मामांना ऐकवलं होतं. त्यांनी माझ्या पानात बुंदीचे आणखी दोन लाडू टाकले आणि म्हणाले, "खा बाई, लई वाळलीस."

विषय खरं तर सोपा आहे. 'पाऊस पडला' एवढं तुम्हाला कळलं, की नेहमीचं तर्कशास्त्र तुम्हाला 'पाऊस पडला किंवा परळीच्या स्टँडवर हत्ती आला' असं खुशाल म्हणू देतं. पहिला भाग खरा असला की 'किंवा'चं सगळं वाक्य खरं. बी.एस्सी.ला हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला भारी गंमत वाटली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि तरी उत्तर बरोबर! मी ज्या तर्कशास्त्रांवर काम करते ती मात्र अडून बसतात. हत्ती कुठून आला, असं विचारतात. चल म्हणजे विधानाच्या जागी ठेवलेलं अक्षर. जे अक्षर आधारात, म्हणजे आधी दिलेल्या विधानांत, नव्हतं ते निष्कर्षात येता कामा नये, असा त्यांचा दंडक. आधारच आपापसात भांडत असतील तर गोष्ट वेगळी, पण ते असो.

हा दंडक मी पुस्तकात वाचण्याआधी सिरसाळ्याच्या आमच्या दूध संस्थेच्या सभेत पाहिला. आणि त्याच्यापायी माझी आत्या माहेर सोडून गेली. वडिलांनी तो नियम पाळला म्हणून गेली. ती परत येईल का, हा प्रश्न आमच्या घरात पुढं वीसेक वर्षं उंबऱ्यावर बसून राहिला.

वडील, म्हणजे अण्णा, संस्थेचे चेअरमन होते. संस्था म्हणजे बाजारतळामागची पत्र्याची एक लांब खोली आणि समोर लिंबाचं झाड. पहाटे तिथं जी गर्दी असायची तिची आठवण आली की मला अजून पुण्यातलं पिशवीतलं दूध गिळवत नाही. थंडीत दुधाची वाफ, कॅनच्या झाकणांचा खणखणाट, कुणाच्या दुधात पाणी जास्त यावरून चाललेली थट्टा. "चेअरमनसाहेब, ह्याची म्हस धरणातच बांधलेली असती," असं कुणीतरी म्हणायचं आणि ज्याच्याबद्दल म्हटलं तोही हसायचा. मी शाळेत जायच्या आधी घरचं दूध घालायला जायचे ते खरं म्हणजे या गप्पा ऐकायला.

तिथं कॅन तीन प्रकारचे असत. गाईच्या दुधाचे, म्हशीच्या दुधाचे आणि मिश्र. गाईचं गाईच्यात घाला, गाईचंच राहील. म्हशीचं म्हशीच्यात घाला, तेही तसंच. पण गाईचं आणि म्हशीचं एकत्र करायचं तर दोन्ही मिश्रच्या कॅनमध्ये जाणार, आणि तिथून मागं फिरणं नाही. मिश्रमधून पुन्हा गाईचं वेगळं काढून दाखवणारा मायेचा पूत अजून जन्मायचाय. पुढं पुण्यात माझ्या गुरूंनी फळ्यावर काही वर्तुळं काढली, प्रत्येकात एक छोटं बीजगणित ठेवलं, वर्तुळावर वर्तुळं रचली आणि फक्त खालून वर जाणारे बाण काढले. म्हणाले, दोन वेगळ्या वर्तुळांतल्या गोष्टींची क्रिया करायची असेल तर दोन्हींना वरच्या सामाईक वर्तुळात न्यायचं आणि तिथं हिशेब करायचा. आपल्या तर्कशास्त्रांचं बीजगणित हे असं, एकसंध नसतं, अनेक बीजगणितांची चळत असते. मी मोठ्यानं म्हणाले, "सर, ही आमची डेअरी आहे."

त्यांनी विचारलं, सगळ्यात वरच्या वर्तुळात काय असतं? तेही मला माहीत होतं. सगळ्यात वर नासका कॅन. नासकं दूध कशातही मिसळा, सगळं नासकंच. चांगल्या दुधात घातलं म्हणून ते सुधारत नाही. तर्कशास्त्रात त्याला खरं आणि खोटं यांच्या पलीकडची तिसरी किंमत म्हणतात: निरर्थक. विधानाचा एक तुकडा निरर्थक असला, की 'आणि' लावा, 'किंवा' लावा, अख्खं वाक्य निरर्थक. म्हणून तर हत्तीला अडवायचं. तो निरर्थक निघाला तर पडलेला पाऊससुद्धा बुडवून बसेल. सर माझ्याकडं बघतच राहिले. मला मात्र त्या क्षणी आनंद झाला नाही, आत्या आठवली.

आत्या अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत. ती लवकर विधवा झाली तेव्हा आजोबांनी तिला बीडजवळच्या पालीहून, तिच्या सासरहून, परत आणलं होतं. आमच्याच आवारात तिची वेगळी खोली, वेगळी चूल आणि तीन म्हशी. म्हशी सर्वस्वी तिच्या. त्यांच्याशी ती माणसासारखं बोलायची, माणसांना मात्र म्हशीसारखं हाकायची. जिभेला हाड नाही म्हणतात ते तिच्याकडं बघूनच. मला आईपेक्षा तिचा जास्त लळा होता, हे आईलाही ठाऊक होतं.

तिचं दूध संस्थेत जायचं ते अण्णांच्या नावावर. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सगळ्याच घरांत तसं होतं. धारा बायका काढणार, दूध बायका घालणार, सभासद पुरुष. नाव घरच्या कर्त्याचं असतं, एवढं सगळ्यांना पाठ होतं.

मग तो दुष्काळ आला. मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात होते आणि सुट्टीला घरी आले होते. विहिरी खडखडीत, कडबा संपलेला, टँकर आला की गाव धावायचं. संस्थेनं स्वतःच्या शिलकीतून सभासदांच्या जनावरांसाठी परळी रस्त्याला एक छावणी काढली. सांगायला बरं नाही वाटत, पण मला त्या छावणीचे दिवस फार आवडले होते. गावातली सगळी जनावरं एका जागी, सावलीला पोती उसवून केलेल्या चवाळ्यांचे मांडव, दिवसभर बायका तिथंच. भाकरी सगळ्यांची एकत्र सोडायची, कुणाचा ठेचा, कुणाचं पिठलं. ज्या बायका एरवी विहिरीवर घाईघाईत दोन शब्द बोलायच्या त्या तिथं दुपारभर निवांत बसल्या. आत्या त्यांच्यात मध्यभागी. तिनं नकला करायच्या आणि बाकीच्यांनी पदर तोंडाला लावून हसायचं. सरपंचाची नक्कल तर अशी करायची की तिची म्हैससुद्धा मान वर करायची.

एक दिवस हिशेब तपासायला बाहेरगावचा माणूस आला. अण्णा बरोबर होते. जनावरांच्या कानातले बिल्ले बघत बघत तो आत्याच्या म्हशींपाशी थांबला. ह्या कुणाच्या, म्हणाला. संस्थेतल्या विरोधी गटातले दोघे-तिघे मागं उभेच होते आणि त्यांना ह्याच क्षणाची वाट होती. एक जण म्हणाला, "सभासदाच्या न्हाईत. चेअरमनसाहेबांच्या बहिणीच्या हायेत. बहीण सभासद न्हाई."

अण्णा म्हणाले, "ह्याचं सभेत बघू."

आत्या तिथंच, वैरणीच्या पेंढीवर बसली होती.

छावणीच्या मंजुरीची सभा दोनच दिवसांवर होती, नोटीस आधीच लागली होती. लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. मी डेअरीच्या पायरीवर होते, आत्या माझ्या शेजारी, बाकी बायका लांब भिंतीशी. विषय एकच: सभासदांच्या जनावरांची छावणी चालू ठेवणे. अण्णांच्याच गटातला एक जण होता, कोर्टाची पायरी न चढलेला, पण सगळे त्याला वकील म्हणत. तो उठला आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "ठरावात एक शब्द वाढवा. सभासदांची किंवा सभासदाच्या घरच्यांची जनावरं. झालं की. पयलं खरं हायच, मग 'किंवा'नं काय बिघडतंय?"

मी पायरीवर उडालेच. हे तर माझं पुस्तक! नुकतंच परीक्षेला लिहून आलेलं. आत्याचा हात दाबून मी म्हणाले, "झालं बघ. 'किंवा' लावलेलं कधीच चूक नसतं."

अण्णा जागेवरून उठले नाहीत. "घरच्यांचा विषय नोटिशीत न्हाई," म्हणाले. "नोटिशीत जे न्हाई ते ठरावात यायचं न्हाई."

"आवो साहेब, तुमच्याच बहिणीसाठी म्हणायलोय!"

"म्हणूनच. एक शब्द भाईरचा घातला तर वरच्या हापिसातून अख्खा ठराव रद्द हुतोय. मग छावणीच ऱ्हात न्हाई, कुणाचीच. नासकं ओतल्यावर कॅन सांभाळून ठिवता का तुमी?"

विरोधी गटाचे चेहरे उतरले. त्यांनी दुसरी तयारी केली होती, अण्णांनी बहिणीला आत घुसवलं असं ओरडायची. अण्णा पुढं म्हणाले, "सदरची बाब नव्या नोटिशीनं फुडच्या सभेत घेऊ." ठराव पास झाला, छावणी वाचली, आत्याच्या म्हशींना मात्र तिथून निघावं लागलं. लोक त्यांना वाखाणत घरी गेले. तराजू तो तराजू, बहिणीकडं पण झुकला नाही, असं म्हणत.

मी दुपारी जेवताना अण्णांशी कडाकडा भांडले. माझं तर्कशास्त्र, माझी कोष्टकं, सगळं त्यांच्या ताटाशेजारी मांडलं. ते शांतपणे भाकरी कुस्करत राहिले. म्हणाले, "तुजं कॉलेजात बरोबर असंल. इथं सत्तर घरांची जित्राबं हायेत." मला राग आला तो त्यांच्या शांतपणाचा. आज मला त्या माणसाचा अभिमान वाटतो आणि त्याच वेळी तो रागही जसाच्या तसा आहे. दोन्ही एकत्र राहतात, त्यांचं मिश्र होत नाही.

नवी नोटीस अण्णांनी त्याच संध्याकाळी लावली: महिलांना त्यांच्या स्वतःच्या नावावर सभासद करून घेणे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आवारात टेंपो उभा होता. आत्यानं म्हशी चढवल्या, एक ट्रंक चढवली. पालीजवळ बिंदुसरा नदीच्या धरणाला तळाशी अजून थोडं पाणी आहे, पालीला दीर आहे, माझ्या वाट्याचं रान आहे, मी सासरी जाते, एवढंच आईला म्हणाली. माझ्या गालावरून हात फिरवला. अण्णा छावणीवर गेले होते.

पुढच्या सभेत तो विषय मंजूर झाला. पहिलं नाव आत्याचं पुकारलं आणि ती नव्हती. त्यानंतर मात्र गावातल्या बायका भराभर सभासद झाल्या. आईसुद्धा.

आत्या परत आली नाही. पाऊस आला, विहिरी भरल्या, तिची खोली आम्ही सारवून ठेवत राहिलो, ती आली नाही. अण्णा दर भाऊबीजेला एस.टी.नं बीडला आणि तिथून पालीला जात. ती त्यांना ओवाळायची, करंज्या वाढायची. संध्याकाळी ते परत यायचे. आई विचारायची, "काय म्हणल्या वन्सं?" अण्णा म्हणायचे, "बरी हाय. म्हस व्यालीय." आई मग दिव्यात तेल घालायला उठायची. माझ्या लग्नाला आत्या आली ती थेट परळीच्या कार्यालयात, अक्षता टाकून, मला पोटाशी धरून, तिथूनच माघारी गेली. घरी पाऊल टाकलं नाही. लग्नाच्या गडबडीत अण्णा कार्यालयाच्या दाराशी बराच वेळ एकटे उभे होते.

मी आपल्या परीनं समजूत घालून घेतली होती. आत्याला अन्यायाचा राग होता, आणि माझ्या विषयानं मला शिकवलं होतं की अन्याय झालाच नव्हता. माझा प्रबंध ह्याच तर्कशास्त्रांवर झाला. 'किंवा'चा तो नियम ज्यांत चालत नाही अशी तर्कशास्त्रं ढिसाळ नाहीत, त्यांची स्वतःची पक्की बीजगणितं आहेत, हे सिद्ध करताना मी मनातल्या मनात अण्णांची वकिली करत होते, हे माझ्या परीक्षकांना कुठं माहीत! आणि कधीतरी हे सगळं आत्याला समजावून सांगायचं असा मी चंगच बांधला होता.

ते मागच्या हिवाळ्यात घडलं. अण्णा आता फार चालत नाहीत; दोन भाऊबीजा त्यांना पालीला जाता आलं नव्हतं. मी बीडच्या एका कॉलेजात व्याख्यानाला गेले होते, तिथून सिरसाळ्याला जायचं होतं, आणि वाटेत गाडी पालीला वळवली. आत्या गोठ्यात होती. पाठ वाकलेली, जीभ जशीच्या तशी. "ये गं मास्तरीण. केस पांढरे करून आलीस की." तिनं चहा टाकला. मी ओसरीवर बसून, कॅन आणि हत्ती यांच्यासकट, माझा सगळा विषय तिला सांगितला. विद्यार्थ्यांना लागतो त्याच्या अर्ध्या वेळात तिच्या लक्षात आला. मी शेवटी म्हणाले, "म्हणून म्हणते आत्या, अण्णा चुकले नव्हते गं. नोटिशीत नव्हतं ते ठरावात येऊ शकत नव्हतं."

"मंग? मी कधी म्हणलं चुकला?" आत्या म्हणाली. "बरोबरच हुतं त्याचं. मी तितं बसल्या बसल्याच म्हणलं, शाबास. माज्या तीन म्हशींपायी गावाची जित्राबं मारायची का?"

"मग गेलीस कशाला?" मी विचारलं.

"म्हशीला पाणी पायजे हुतं म्हणून गेलते. दुसरं काय?" ती चहा गाळत म्हणाली. "दोन महिन्यासाठी गेलते गं मी."

"आणि परत का नाही आलीस?"

तिनं कप माझ्यापुढं ठेवला. "तुजा बाप, ही दोन सालं सोडली तर, दर सालाला येतो. ओवाळून घेतो, करंजी खातो, पावसापाण्याचं बोलतो, म्हशीचं इचारतो, जातो. 'अक्का, घरला चल' असं एक डाव बी म्हणला न्हाई. मी वाट बघायची, आता म्हणंल, मंग म्हणंल. येसटीत बसूस्तोर बघायची. न्हाई म्हणला. विधवा बहिणीनं माहेरी न बोलवता कसं जायचं? म्हणलं, ह्याचं सगळं नोटिशीनं चालतंय. माजं येणं नोटिशीत न्हाई, मंग मी आपल्या मनानं कुठून ठरवू?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. मला दोघांचाही भयंकर राग आला. वीस वर्षं! मी तिथल्या तिथं, गावी अण्णांजवळ राहणाऱ्या माझ्या भावाला फोन लावला आणि अण्णांना द्यायला सांगितलं. अण्णा आल्यावर त्यांना म्हटलं, मी पालीला आहे, तुम्ही आत्याला इतक्या वर्षांत घरी ये असं कधी का नाही म्हणालात?

ते गोंधळले. "आता तिचंच घर हाय," म्हणाले. "तिला काय म्हणायचं असतंय? मला वाटलं, रागावलीय. रागावलेल्या माणसाला कुठं आग्रह करावा."

मी फोन आत्याच्या कानाला लावला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"अक्का," अण्णा म्हणाले. मग थांबले. मग, "तिकडं थंडी कशी हाय?"

"हाय बरी."

"धरणाला पाणी?"

"हाय निम्म्याला."

"अण्णा!" मी ओरडले.

आमच्या अण्णांनी आयुष्यात शेकडो सभा चालवल्या, मंत्र्यासमोर भाषणं केली. त्यांचा आवाज असा फुटलेला मी कधी ऐकला नव्हता. "अक्का, घरला ये," ते म्हणाले.

आत्यानं फोन माझ्या हातात दिला. उठून गोठ्याच्या दाराशी गेली, दिराच्या सुनेला हाक मारून संध्याकाळची धार तू काढ म्हणाली, आणि आत जाऊन इरकली लुगडं घेऊन बाहेर आली.

"तुजी गाडी कधी निगती?" तिनं मला विचारलं.